मुळशीचे खोरे आणि मस्टरवर नसलेली माणसे



या व्यासपीठावरून विद्वान मंडळींनी बोलायचे असते अशी आपल्या शहराची रीत आहे, आणि ती चांगली रीत आहे. मी विद्वान नाही. दहावीत गणिताने मला अडविले आणि सतराव्या वर्षी मी लेथवर उभा राहिलो. त्यानंतर जे काही वाचले ते तिसरी पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीतल्या दोन कपाटांतून. तेव्हा आजच्या विषयावर शास्त्रीय असे माझ्याकडून फारसे मिळणार नाही. चालकांनी मला विषय दिला तो ‘निसर्गरम्य नदीखोरी आणि त्यांचे रक्षण’ असा. मी त्यांना म्हटले की मला एकच खोरे ठाऊक आहे, आणि ते राखता आले नाही. ते म्हणाले, मग तेच सांगा.

ते खोरे मुळशीचे. आपल्यापैकी पुष्कळजण तिकडे पावसाळ्यात जाऊन आले असतील. पुण्याहून पौडच्या रस्त्याने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर गेले की डोंगर जवळ येतात, आणि मग एकाएकी डाव्या-उजव्या बाजूस पाणी पसरलेले दिसते. पुढे ताम्हिणीचा घाट. धबधबे, धुके, भाजलेली कणसे. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, ताम्हिणीस त्याच्या कितीतरी पट पडतो. माणसे रस्त्याच्या कडेला मोटारी लावून त्या पाण्याचे फोटो काढतात आणि “काय सुंदर जागा आहे” असे म्हणतात. सुंदर आहे, हे मी नाकबूल करीत नाही. पण ज्या जागेला ते सुंदर म्हणतात ते खोरे नव्हे. ते खोऱ्यावर चढलेले पाणी आहे. खोरे त्याच्या खाली आहे.

मी दहा वर्षांचा असताना आजी मला तिकडे घेऊन गेली होती. एस. टी.ने गेलो, मग बरेच चाललो. पाण्याच्या काठावर एका दगडावर ती बसली आणि बोट करून म्हणाली, “त्या तिथं, त्या पानकावळ्याच्या खाली, आमचं दार हाय. त्याच्या आंगं चिच. चिचंपासनं नदीपतुर आमचं भात.” मी पाहू लागलो. मला पाणीच दिसले. “आमचं” म्हणताना तिच्या मनात कोण होते हे मला तेव्हा समजले नाही. ते समजायला मला पुढे तीस वर्षे लागली, आणि तेच मी आज सांगणार आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण तरुण मंडळींना तो शाळेत दोन ओळींत उरकून सांगतात. मुळा आणि निळा या दोन नद्यांच्या संगमाशी टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायचे ठरविले. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले होते, भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले, आणि मुळशीच्या पाण्यावर चालणारे भिऱ्याचे वीजघर १९२७ साली. योजना मोठ्या हिकमतीची होती हे कबूल करावे लागते. मुळेचे पाणी स्वभावाने पूर्वेकडे जाणारे. ते पुण्याला येते, भीमेला मिळते, भीमेतून कृष्णेला. इंजिनिअरांनी ते सह्याद्रीच्या माथ्यावर अडविले, डोंगरातून पश्चिमेला नेले आणि सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडले. पडणाऱ्या पाण्यावर चक्रे फिरली, वीज तारांवरून मुंबईस गेली. वीज करून मोकळे झालेले पाणी कुंडलिकेत जाते. कोलाडला आज तरुण मुले ज्या फेसाळ पाण्यात होड्या घालतात, ते हेच आपल्या मुळेचे पाणी.

मुंबईस ही वीज कशाला हवी होती? मुख्यतः गिरण्यांना. गिरणीला आग पेटवून, वाफ करून, कोळसा जाळून साचे चालवावे लागत, आणि कोळसा लांबून आणावा लागे. घाटमाथ्यावरचा पाऊस फुकट. त्या हिशोबाला मालकाच्या बाजूने उत्तर नाही.

पण खोऱ्यात माणसे राहत होती. पन्नासच्या आसपास गावे, आणि लोकवस्ती अकरा हजारांच्या घरात. ही माणसे मावळे. भात पिकवीत, आणि भात म्हणजे आंबेमोहर. शिजत लागला की आंब्याच्या मोहराचा वास घरभर सुटतो म्हणून ते नाव. आजी सांगायची की पाहुणा बांधावर असतानाच त्याला कळे की आज घरात कुठला तांदूळ आहे. हे भात वाटेल तिथे होत नाही. नदीकाठचा गाळ लागतो, पाऊस लागतो, पिढ्यान्‌पिढ्या घातलेले बांध लागतात. डोंगरउतारावर नाचणी-वरई, त्याच्या वर हिरड्याची झाडे, करवंदांच्या जाळ्या, आणि कुऱ्हाड न लावलेली देवराई. तिथे झरा असे आणि तो वैशाखातही आटत नसे. खोरे त्या लोकांना प्रिय होते ते असे, तपशिलाने. देखावा हा शब्द आजीच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तिला विचारले की गाव कसे होते, तर ती पाणी कुठे भरायचे, गुरे कुठे बसायची, बाळंतिणीला कुठल्या वाटेने न्यायचे आणि मेलेल्याला कुठल्या, हे सांगायची. म्हणजे तिने मला त्या गावाचा नकाशाच तोंडी दिला. कागदावर तो कोठेही नव्हता.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ अशी त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना लोकांनी सेनापती म्हणायला सुरुवात केली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे होते, शंकरराव देव होते, शिवरामपंत परांजपे त्यासाठी तुरुंगात गेले. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून सत्याग्रहींची बाजू घेतली. बायाही मागे राहिल्या नाहीत. धरणाविरुद्ध असा संघटित लढा जगात त्यापूर्वी झाला नाही, असे राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात म्हटले आहे. त्यांचा ‘मुळशी सत्याग्रह’ हा ग्रंथ आपल्या वाचनालयात असेल, नसेल तर मागवून घ्यावा. मी तो दोनदा वाचला. पहिल्यांदा आजीसाठी आणि दुसऱ्यांदा स्वतःला चपराक बसली म्हणून. ते पुढे येईल.

लढा तीन-साडेतीन वर्षे चालला आणि मोडला. का मोडला? सरकार परके होते, १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कंपनीसाठी जमीन घेण्याची सोयच करून ठेवली होती, तुरुंग होते, ही कारणे आहेतच. सभेत तीच सांगितली जातात, कारण त्यांत शत्रू बाहेरचा असतो. व्होरांच्या ग्रंथातले कारण जवळचे आहे. खोऱ्यातल्या पुष्कळशा जमिनी कागदोपत्री मावळ्यांच्या नव्हत्याच. त्या गहाणाने, खरेदीने, व्याजाच्या पोटी पुण्यातल्या सावकारांकडे गेल्या होत्या. कसणारा मावळा, सातबारावर नाव दुसऱ्याचे. आरंभी सावकारही लढ्यात होते आणि मोठ्या आवाजात होते. पण नुकसानभरपाईचे आकडे समोर आले तेव्हा ज्याचे नाव कागदावर त्याचा एक प्रश्न होता आणि ज्याचा पाय चिखलात त्याचा दुसरा. सावकाराला जमीन गेली तर पैसे मिळत होते. कुळाची जमीन गेली तर जमीनही गेली आणि पैसेही दुसऱ्याच्या हाती. पहिल्याने तडजोड केली. दुसऱ्याला कोणी विचारलेच नाही, कारण विचारण्याच्या यादीत तो नव्हता.

आता मला माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगू द्या. विषय सोडतो आहे असे वाटेल, पण सोडीत नाही.

सतरा-अठरा वर्षांपूर्वी आमच्या पट्ट्यातला एक कारखाना बंद झाला. नाव सांगत नाही, नावाची गरजही नाही. कायम कामगार दोनशेच्या आत होते, कंत्राटी दीडशेच्या वर. कंत्राटी म्हणजे कसे? तेच मशीन, तीच पाळी, तोच साहेब, पण मस्टर ठेकेदाराचे, आणि ठेकेदार दर दीड-दोन वर्षांनी बदलायचा म्हणजे नोकरी कागदावर दर वेळी नवी. काहीजण तिथे चौदा-चौदा वर्षे होते. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा तेव्हा होता, पण तो पुस्तकात किती होता आणि गेटवर किती, हे इथे बसलेल्या कामगार बंधूंना मी सांगायला नको. बोलणी पाच महिने चालली. शेवटी व्यवस्थापनाने कायम कामगारांसाठी बरी रक्कम देऊ केली. बरी म्हणजे खरोखरच बरी. अट एकच, की करारात कंत्राटी लोकांचा उल्लेख नको. आमच्या कमिटीत रात्री दोनपर्यंत खल झाला. कोणी म्हणाले, त्यांचे आपण नंतर पाहू. ते ‘नंतर’ म्हणणाऱ्यांत मी पहिला होतो. करारावर माझी सही आहे.

दुसऱ्या दिवशी गेटवर पेढे वाटले. कंत्राटी लोक रस्त्याच्या पलीकडे उभे होते. त्यांतला एकजण, मुळशीच्या वरच्या अंगाचाच, माझ्यापाशी आला. आवाज चढविला नाही, काही नाही. म्हणाला, “भाऊ, आमची नावं कुठल्या यादीत हायेत?” मी म्हटले, दुसरी यादी करतो आहोत. करीत नव्हतो.

त्यानंतर काही महिन्यांनी व्होरांचे पुस्तक दुसऱ्यांदा हाती आले आणि सावकारांचे ते प्रकरण मी वाचीत बसलो. पहिल्या खेपेस मी त्यांच्यावर संतापलो होतो. या खेपेस संतापायला जागा राहिली नव्हती. ते सावकारही स्वतःला लबाड समजत नसतील. त्यांनीही कोणा कमिटीत रात्री दोनपर्यंत खल केला असेल, आणि मावळ्यांचे आपण नंतर पाहू असे कोणीतरी म्हटले असेल.

सेनापतींविषयीही एक गोष्ट मला बोलली पाहिजे, कारण त्यांची तसबीर आमच्या कचेरीत आहे आणि तसबिरीपुढे आपण फार विचारीत नाही. १९२४ च्या डिसेंबरात, लढा हातचा जातो आहे हे दिसू लागल्यावर, त्यांनी मोजक्या साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाकडे जाणारी गाडी अडविली आणि पिस्तूल चालविले. गाडीतील माणसे जखमी झाली. त्यांनी ते लपविले नाही, स्वतः पकडले गेले आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. तो निधड्या छातीचा माणूस होता यात शंका नाही. पण अशा गाडीत कोण असते? कामावर निघालेली माणसे असतात. शिधा बांधून आलेली, कुठल्यातरी कोरडवाहू गावची माणसे. खोरे बुडविणारी कंपनी मुंबईला कचेरीत होती, आणि खोरे राखणाऱ्याच्या पिस्तुलापुढे आली ती मजुरी करणारी माणसे. मालकाने हे मुद्दाम घडविले असे मी म्हणत नाही. ते तसे न ठरविताच घडते, म्हणून जास्त वाईट.

आणि तिकडे मुंबईत काय? माझे आजोबा लालबागला एका गिरणीत साचेखात्यात होते. पहिली काही वर्षे बदली, म्हणजे रोज पहाटे गेटवर उभे राहायचे आणि मुकादमाने बोट केले तर आत. ते मावळातलेच, घाटावरचे. आजीचे लग्न त्यांच्याशी झाले ते तिचे गाव उठल्यानंतर. पुढे भिऱ्याची वीज तारांत मिसळली. आजोबांच्या साच्याला जी वीज मिळे तिच्यात आजीच्या चिंचेवरच्या पाण्याचा वाटा किती, याचा हिशोब कोणी करू शकणार नाही. पण वाटा होता. दोघांनी साठ वर्षे संसार केला आणि या गोष्टीवर त्यांचे बोलणे झाल्याचे मला माहीत नाही. एकदाच, आजोबा म्हातारपणी खोलीतल्या दिव्याकडे बघत होते, तेव्हा आजी म्हणाली, “विझवा तो. आमचं पानी जळतंय.” सगळे हसले. तीही हसली.

गिरणी कामगार आणि मुळशीचा मावळा हे एकाच घरातले दोन भाऊ होते, कधी शब्दशः. मग गिरणगावाने मुळशीसाठी संप का केला नाही, असे मी तरुणपणी विचारीत असे. आता विचारीत नाही. आयटक १९२० साली स्थापन झाली खरी, पण गिरणी कामगार युनियन आली १९२८ साली. तोवर भिऱ्याची चक्रे फिरू लागून वर्ष झाले होते. शिवाय ज्याची उद्याची हजेरी मुकादमाच्या बोटावर, त्याने विजेविरुद्ध बोलावे असे म्हणणे सोपे आहे. मी तर कायम नोकरीतला, संघटनेचा माणूस, आणि रस्त्यापलीकडच्या दीडशे माणसांसाठी बोललो नाही.

गिरण्यांचे पुढे काय झाले ते आपण जाणता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली. आता त्या जागांवर मॉल आहेत आणि उंच इमारती आहेत. ज्या साच्यांसाठी खोरे बुडविले ते साचे भंगारात गेले. खोरे मात्र बुडालेलेच आहे. भिरा आजही चालतो, उदंचनाचे यंत्र जमेस धरून त्याची क्षमता ३०० मेगावॉट आहे, आणि ती वीज मुंबईला लागते. ती बंद करा असे म्हणण्याइतका मी वेडा नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की कारखान्याचे आयुष्य दोन-तीन पिढ्यांचे असते. खोऱ्याचे कोणी मोजलेले नाही. आणि करार करताना दोघांची किंमत एकाच तराजूत, त्या वर्षीच्या भावाने धरली जाते.

कोणी म्हणेल, तो काळ गेला, आता कायदे बदलले. बदलले, आणि ते कोणाच्या कृपेने बदलले नाहीत. १९४८ चा कुळकायदा घ्या. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन, त्या दिवशी कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे मालक ठरले. मुळशीचे धरण जर तीस वर्षांनी उशिरा आले असते, तर आजीचा बाप मालक म्हणून सरकारपुढे उभा राहिला असता. २०१३ साली भूसंपादनाचा नवा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून १८९४ चा जुना कायदा रद्द झाला. नव्या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ या शब्दात जमीनमालकाबरोबर कूळ, वाटेकरी, शेतमजूर, कारागीर हेही येतात. संपादनापूर्वी तीन वर्षे तिथे काम करून पोट भरीत असले म्हणजे झाले, सातबारावर नाव नसले तरी. हे वाक्य कायद्यात यायला मुळशीच्या सत्याग्रहापासून ९२ वर्षे लागली. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा उठून चहा करून आलो आणि पुन्हा वाचले.

पण कायदा संपादनाला लागतो. आज खोऱ्यात संपादन फारसे होत नाही. आज खरेदी होते. धरणाच्या काठावरच्या उतारांना आता ‘लेक व्ह्यू’ची किंमत आली आहे. आजीच्या भाताला त्या काळी जी किंमत आली नाही ती तिच्या भातावरच्या पाण्याच्या देखाव्याला आली, ही गंमत पाहा. डोंगर कापून रस्ते होतात, बंगल्यांचे प्लॉट पडतात. शेतकरी विकतो. का विकतो हे मी विचारीत नाही. मुलीचे लग्न, मुलाची फी, दवाखाना, हे मला माहीत आहे. शहरातले निसर्गप्रेमी लोक माझ्याकडे येतात आणि म्हणतात, कामगारांनी डोंगर वाचवायच्या मोर्चात यावे. चांगली माणसे आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. पण त्यांतल्या एकाने मला एकदा सांगितले की खोऱ्यातल्या लोकांना निसर्गाची जाणीवच उरलेली नाही. मी त्यांना म्हटले, साहेब, तुम्ही तिथे रविवारी जाता. सोमवारी एकदा जाऊन पाहा.

सोमवारी जे दिसते ते सांगतो. गेटवर मला विचारणारा तो कंत्राटी कामगार कारखाना सुटल्यावर गावी परत गेला. त्याला शोधायला मी बऱ्याच वर्षांनी गेलो. माफी मागायला गेलो असे म्हणणे शोभते, पण खरे म्हणजे काय बोलावे हे न ठरविताच गेलो होतो. तो एका बंगल्यांच्या वसाहतीत माळीकाम करतो. ठेकेदारामार्फतच. त्याने मला ओळखले, पाणी दिले, जुने काही काढले नाही. घरची अकरा गुंठे जमीन तेवढी राहिली आहे, तिला वसाहतवाले चांगला दर देत होते. मी त्याला विचारले, विकली का नाहीस? तर तो मला वर घेऊन गेला. अकरा गुंठ्यांच्या कडेने एक वाट जाते, ती देवराईतल्या झऱ्याकडे. वरच्या कातकरी वाडीची सात घरे उन्हाळ्यात त्याच झऱ्यावर पाणी भरतात. “मी ही दिली,” तो म्हणाला, “की त्ये भिंत घालनार. भिंत पडली की वाडीला अर्धा कोस वळसा. माज्या नावावर जमीन हाय, वाट कुनाच्याच नावावर न्हाई.”

त्या माणसाने ‘पर्यावरण’ हा शब्द उच्चारला नाही. त्याच्या जमिनीची किंमत त्याच्या चौदा वर्षांच्या कारखान्यातल्या कमाईपेक्षा जास्त होती. आणि तो ती सोडतो आहे ते अशा माणसांसाठी, ज्यांचे नाव कोणत्याच यादीत नाही. ही गोष्ट त्याने कोठे शिकली ते मला विचारू नका. आमच्या युनियनमध्ये खचित शिकला नाही.

त्या वाटेवरून परत येताना मला आजीचा तोंडी नकाशा आठवला. पाणी कुठे, गुरे कुठे, कुठली वाट कशासाठी. तो तेव्हा कोणी लिहून ठेवला असता तर धरण थांबले असते असे मी म्हणत नाही. पण निदान किती लोकांचे काय बुडाले याची यादी झाली असती. यादी करणे हे तर आमचे काम. युनियनचा माणूस दुसरे काय करतो? नावे लिहितो, सह्या घेतो, पावती फाडतो.

म्हणून गेल्या हिवाळ्यापासून आम्ही दहाबारा जणांनी एक वही घातली आहे. निवृत्त कामगार आहेत, दोन कॉलेजच्या मुली आहेत, आणि तो माळी आहे. वाडीवाडीवर जायचे आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहून घ्यायचे. झरा कुठला, कोणती घरे त्यावर पाणी भरतात, हिरडा कोण गोळा करतो, मासे कोण धरतो, गुरांची वाट, स्मशानाची वाट, देवाची जागा. जिथे जमीन वनखात्याची आहे तिथे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली अशा वहिवाटीचा दावा ग्रामसभेपुढे मांडता येतो, आणि गावातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले लिहून घेतले तर ते पुरावा म्हणून धरतात. म्हातारीच्या तोंडचा शब्द कागद म्हणून चालतो, हे मी एका आजीबाईंना सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. “मग आदी का न्हाई विचारलं?” असे त्या म्हणाल्या. खासगी जमिनीवर हा कायदा लागत नाही, तिथे वहिवाटीच्या वाटेसाठी तहसीलदाराकडे जावे लागते, आणि तिथे निकाल कसा लागेल हे मी सांगू शकत नाही. त्या झऱ्याच्या वाटेचा अर्ज गेल्या महिन्यात दिला आहे. अर्जावर पहिला अंगठा वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईचा आहे, दुसरी सही माळ्याची. तिसरी सही करायला मला त्याने सांगितले. मी म्हटले, माझे गाव ते नव्हे. तो म्हणाला, “आजीचं व्हतं ना? मग करा.”

आतापर्यंत वहीची चौतीस पाने भरली आहेत. पाच वाड्या झाल्या, धरणाच्या वरच्या अंगाच्या आणखी पुष्कळ राहिल्या आहेत. पावसाळा लागला की तिकडच्या पायवाटा बंद होतात, तेव्हा मृगाच्या आत जेवढे होईल तेवढे करायचे आहे. येत्या रविवारी सकाळी साडेसहाच्या एस. टी.ने आम्ही जाणार आहोत. ज्यांना मोडी वाचता येते असे कोणी श्रोत्यांत असतील तर त्यांनी सभा संपल्यावर कृपा करून मला भेटावे. एका घरात जुन्या कागदांची गुंडाळी निघाली आहे, आणि आमच्यापैकी कोणालाच ती लागत नाही.